भिंत की पंखा? सुपरसॉनिक हवेची पहिली गणितं सोडवताना

सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं लहानपण गेलं, त्याला यंत्रमागाचा खटखटाट ऐकू येत नाही. तो थांबला तरच कान टवकारतात. आमच्या घरामागच्या कारखान्यात मात्र त्या खटखटाटावरही मात करणारा एक आवाज होता. पाळी संपायच्या आधी जॉबर काका कॉम्प्रेसरची हवेची गन घेऊन मागांवर साचलेला तूस उडवायचे. त्या गनची शीळ दात आंबवणारी होती. मी एकदा विचारलं, "काका, हवा एवढी किंचाळते कशाला हो?"

"दाब जास्त हाय बे," ते म्हणाले. "भोक लहान, हवा लई. किंचाळणारच की."

मेकॅनिकलला गॅस डायनॅमिक्स शिकताना कळलं की काकांचं उत्तर अर्धं बरोबर होतं. त्या गनच्या तोंडाबाहेर पडताच हवा रोज आवाजापेक्षा जास्त वेगाने, म्हणजे सुपरसॉनिक, धावत होती. तिथे शॉक वेव्ह तयार होत होत्या आणि एक्स्पान्शन वेव्हसुद्धा. आम्ही मात्र हे प्रकार फक्त लढाऊ विमानांना लागू असतात असं समजून बसलो होतो.

हा लेख विषय पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी आहे. बारावीची त्रिकोणमिती, एक कॅल्क्युलेटर आणि चार-साडेचार लिटर पाणी एवढं जवळ असू द्या. पाणी कशाला ते पुढे येईलच. आमच्या वर्गात पहिल्याच तासाला फळा सूत्रांनी भरला होता आणि महिनाभर आम्ही पुस्तकातल्या तयार कोष्टकातले आकडे उतरवत राहिलो. आकडा बरोबर यायचा, पण तो कशाचा हे कुणाला सांगता यायचं नाही. म्हणून मी उलट्या टोकाने सुरू करतो. सूत्राला हात लावण्याआधी दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथे हवेची वाट आत वळून आवळतेय, की बाहेर वळून मोकळी होतेय? आवळली तर भिंत, मोकळी झाली तर पंखा. भिंत म्हणजे शॉक आणि पंखा म्हणजे एक्स्पान्शन. बाकीचं कोष्टक सांगतं.

पायरी १: आधी आवाजाचा वेग काढा

मॅक नंबर म्हणजे वस्तूचा वेग भागिले त्या जागच्या हवेतला आवाजाचा वेग. यातला 'त्या जागच्या' हा शब्द नवखे हमखास विसरतात. आवाजाचा वेग म्हणजे १.४ × २८७ × निरपेक्ष तापमान, या गुणाकाराचं वर्गमूळ. दाब यात कुठेच नाही, फक्त तापमान आहे. निरपेक्ष तापमान काढायला सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा.

आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ वर जातो, म्हणजे ३१६ केल्विन. आवाजाचा वेग येतो सेकंदाला ३५६ मीटर. संक्रांतीच्या सुमारास पहाटे १५ अंश असले तर ३४०. आणि ११ किलोमीटर उंचीवर, जिथे प्रमाण वातावरणात उणे ५६.५ अंश धरतात, तिथे फक्त २९५. आता सेकंदाला ६०० मीटर वेगाचं एक विमान घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात जमिनीलगत त्याचा मॅक नंबर १.६८ होईल, वर ११ किलोमीटरवर तोच २.०३. वेग तोच, पण गणित सगळं वेगळं. म्हणून कोष्टक उघडण्याआधी तापमान लिहा.

पायरी २: निरोप कुठवर पोहोचतो ते पाहा

हवेतून एखादी वस्तू चालली की ती पुढच्या हवेला 'मी येतेय, बाजूला हो' असा निरोप पाठवत असते. तो निरोप म्हणजे दाबाची बारीक लाट आणि तिचा वेग आवाजाचा. वस्तू त्याहून हळू असेल तर निरोप आधी पोहोचतो आणि हवा सावकाश वाट देते. वस्तू त्याहून जोरात असेल तर ती आपलाच निरोप मागे टाकते. मागे राहिलेले सगळे निरोप एका शंकूत गोळा होतात. शंकूबाहेरच्या हवेला काहीच पत्ता नसतो.

या शंकूचा अर्धकोन म्यू. साइन म्यू म्हणजे १ भागिले मॅक नंबर. मॅक १.५ ला ४१.८ अंश, मॅक २ ला ३० अंश, मॅक ३ ला १९.५ अंश. वेग वाढला की शंकू मिटत जातो.

ही गोष्ट तुम्ही कानांनी अनुभवलेली आहे. गल्लीत पोतराज येतो, आसूड फिरवून 'फाट्' असा आवाज काढतो. आसूड अंगावर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण हवेत नुसता झटकला तरी तो येतो. आसूड मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे झटका पुढे सरकताना वेग वाढत जातो आणि शेवटी आवाजाच्या वेगाच्या पलीकडे पोहोचतो. तो 'फाट्' म्हणजे चिमुकली शॉक वेव्ह. चक येगर यांनी १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ विमानातून मॅक १.०६ गाठला, पण आवाजाची वेस माणसाच्या हाताने त्याच्या कितीतरी आधी ओलांडली होती.

पायरी ३: पाण्यात बघा

इथे घाई करू नका. माझ्या मते हा या लेखाचा सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि अभ्यासक्रमात बहुधा तोच गाळला जातो.

स्वयंपाकघरातल्या बेसिनचा नळ सोडा. धार जिथे पडते तिथून पाणी पातळ थराने, जोरात बाहेर पसरतं आणि थोड्या अंतरावर एकदम जाड होऊन मंदावतं. त्या गोल कड्याच्या आत पाणी स्वतःच्या लाटांपेक्षा जोरात धावतं, बाहेर त्यांच्यापेक्षा हळू. आत बोट टेकवलं तर बोटामागे व्ही आकार उमटतो. बाहेर टेकवलं तर लाटा चहूकडे जातात. ते कडं म्हणजे प्रवाहाला काटकोनात उभ्या राहणाऱ्या शॉकचा पाण्यातला भाऊ.

उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे ९.८१ × खोली (मीटरमध्ये), या गुणाकाराचं वर्गमूळ. ६ मिलिमीटर खोली घेतली तर तो येतो सेकंदाला २४ सेंटीमीटर. म्हणजे हवेत जे काम ३४० मीटरच्या वेगाने होतं, ते इथे तुमच्या हाताच्या वेगाने होतं आणि डोळ्यांना दिसतं!

साहित्य असं: खिडकीची एक सपाट काच, साधारण १२० बाय ६० सेंटीमीटर. कडेने लाकडी पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून घ्या. काचेखाली पांढरा कागद. काच गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने नीट समतल करा, नाहीतर एका टोकाला ४ आणि दुसऱ्याला ८ मिलिमीटर पाणी होईल आणि सगळं फसेल. ६ मिलिमीटर खोलीला ४.३ लिटर पाणी लागतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे धरूनच मी वाहत्या पाण्याचा प्रयोग सांगत नाही. पाणी स्थिर ठेवायचं आणि वस्तू ओढायची. नंतर तेच पाणी कुंड्यांना.

वस्तू म्हणजे जुन्या हवाई चपलेचा तळवा. त्यातून हिऱ्याच्या आकाराचा तुकडा कापा: १२ सेंटीमीटर लांब आणि बरोबर मध्यावर २.१ सेंटीमीटर रुंद. याचा पुढचा अर्धकोन १० अंशांचा होतो, आणि आपलं पुढचं सगळं गणित याच १० अंशांवर आहे. वरून एक काठी चिकटवा. तुकडा तळाला टेकलेला आणि पाण्याच्या वर डोकावणारा हवा.

कडेला पट्टीने एक मीटरची खूण करा. हे अंतर दोन सेकंदांत ओढलं तर वेग ५० सेंटीमीटर, लाटेच्या दुपटीला जरासा जास्त. हा झाला तुमचा 'मॅक २'. तीन सेकंदांत ओढलं तर साधारण १.४. बाजूने टॉर्चचा तिरका प्रकाश टाका आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. पहिले पाच-सहा प्रयत्न हात थरथरल्यामुळे वाया जातात, वाईट वाटून घेऊ नका.

आता चित्रण थांबवत थांबवत पाहा. आधी हिऱ्याऐवजी एक खिळा ओढून बघा: मागे बारीक व्ही, दोन्ही बाजूंना तीसेक अंश. तो मॅक शंकू. (खिळ्याच्या पुढे ज्या सुरकुत्या दिसतात त्या पृष्ठताणाच्या, त्या आपल्या हिशेबात नाहीत.) मग हिरा ओढा. टोकाशी पाण्याचा ठळक, तीक्ष्ण कडेचा उंचवटा उठतो आणि त्याचा कोन ३० नव्हे, ४० च्या आसपास असतो. ही भिंत. हिऱ्याच्या मधल्या खांद्याशी पाणी खाली बसतं, पण तिथे एकही तीक्ष्ण रेघ सापडत नाही. उतार पसरट, मऊ असतो. हा पंखा. शेपटाशी पुन्हा ठळक उंचवटा: दुसरी भिंत.

एक इशारा. पाण्याशी तुलना चित्रापुरती. गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, पायरी १ मधला १.४ तो हवेचा गॅमा. गणितात उथळ पाणी म्हणजे गॅमा २ असलेला काल्पनिक वायू. त्यामुळे पाण्यात मोजलेले कोन हवेच्या कोष्टकाशी तंतोतंत जुळवत बसू नका.

असं का होतं?

दाब वाढवणाऱ्या अनेक बारीक लाटा एकामागून एक निघाल्या असं धरा. पहिली लाट जाते तिथली हवा किंचित तापते. तापलेल्या हवेत आवाज जोरात धावतो, म्हणून दुसरी लाट पहिलीला गाठते, तिसरी दुसरीला. सगळ्या एकमेकींवर चढतात आणि त्यांची एकच भिंत होते. दाब कमी करणाऱ्या लाटांचं उलट. पहिली लाट हवा थंड करून जाते, दुसरी मागे पडते, तिसरी आणखी मागे. अंतर वाढत जातं आणि पंखा उलगडतो. 'पंख्याची भिंत' का होत नाही, याचं काटेकोर उत्तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात आहे: तशी भिंत झाली तर एन्ट्रॉपी घटेल, आणि ते निसर्गात होत नाही.

ही भिंत किती जाड? जमिनीलगतच्या हवेत जोरदार शॉकची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात असते. चादरीच्या सुतातला कापसाचा एक तंतू घेतला तर त्याच्या जाडीत असे पन्नासहून जास्त शॉक शेजारी शेजारी मावतील. एवढ्याशा जागेत दाब, तापमान, घनता सगळं बदलतं. म्हणूनच गणितात आपण तिची जाडी शून्य धरतो आणि फक्त 'अलीकडे' व 'पलीकडे' एवढंच बोलतो. अलीकडे-पलीकडेचा हा हिशेब रँकिन यांनी १८७० मध्ये मांडला आणि ह्युगोनिओ यांचं काम १८८७ मध्ये आलं. साधारण त्याच सुमारास अर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांनी धावत्या गोळीपुढच्या शॉकचे फोटो काढले. ज्यांच्या नावाचा उच्चार आपण 'मॅक' करतो ते हेच माख.

हवेची सावली पडते हे पटत नसेल तर भाकरी करताना तव्यावरून येणाऱ्या उन्हाची भिंतीवर पडलेली सावली पाहा. तव्याच्या वर काहीतरी लहरत असतं. ती तापलेल्या हवेची सावली. घनता बदलली की प्रकाश वाकतो, आणि माख यांच्या फोटोमागेही मूळ कल्पना हीच.

पायरी ४: भिंतीचं गणित

सोपी भिंत आधी, म्हणजे प्रवाहाला काटकोनात उभी असलेली. मॅक २ ची हवा तिच्यावर आदळली तर पलीकडे मॅक ०.५७७ होतो, दाब ४.५ पट, घनता २.६७ पट, निरपेक्ष तापमान १.६९ पट. काटकोनातल्या शॉकच्या पलीकडे प्रवाह नेहमी आवाजापेक्षा हळू असतो. याला अपवाद नाही, पेपरात उत्तर तपासायला बरं पडतं.

दोन गोष्टी मनात पक्क्या करा. (वाहती हवा काहीही वाया न घालवता पूर्ण थांबवली तर जे तापमान आणि जो दाब येईल, त्यांना 'एकूण' म्हणतात.) शॉकमधून जाताना एकूण तापमान बदलत नाही. एकूण दाब मात्र घटतो, मॅक २ ला तो ७२ टक्क्यांवर येतो. गेलेले २८ टक्के परत मिळत नाहीत.

आता तिरकी भिंत. हिऱ्याचं टोक प्रवाहाला १० अंशांनी वळवतं. या वळणाला थीटा म्हणू आणि भिंतीच्या कोनाला बीटा. दोघांना जोडणारं सूत्र असं:

टॅन थीटा = २ × कॉट बीटा × (मॅक² × साइन² बीटा − १) ÷ (मॅक² × (१.४ + कॉस २बीटा) + २)

अडचण अशी की थीटा माहीत असतो आणि हवा असतो बीटा. उलटं सोडवणं किचकट आहे, म्हणून आलेख बघतात किंवा एक्सेलमध्ये गोल सीक वापरतात. (एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतात. हे विसरून मी एक अख्खी रात्र घालवली आहे.) मॅक २ आणि थीटा १० ला बीटा येतो ३९.३ अंश.

यापुढची युक्ती सगळ्यात महत्त्वाची. तिरक्या भिंतीला फक्त काटकोनात येणारा वेग जाणवतो, तिच्या अंगाला समांतर जाणारा वेग तसाच पलीकडे जातो. म्हणून मॅक २ ला साइन ३९.३ ने गुणा, येतात १.२७. आता मॅक १.२७ चा काटकोनातला शॉक कोष्टकात पाहा: दाब १.७१ पट, एकूण दाब ०.९८५, पलीकडचा काटकोनातला मॅक ०.८०. तो पुन्हा मूळ दिशेत आणायचा तर साइन (३९.३ − १०) ने भागा: १.६४. म्हणजे तिरक्या भिंतीपलीकडेही प्रवाह सुपरसॉनिकच राहिला. मॅक २ थेट कोष्टकात टाकून ४.५ पट दाब लिहिणं ही इथली सर्रास चूक.

या एका सूत्राला प्रत्येक थीटासाठी दोन उत्तरं असतात, एक कमी कोनाचं आणि एक जास्त कोनाचं. मोकळ्या प्रवाहात जवळजवळ नेहमी कमी कोनाचंच दिसतं. ते घ्या आणि पुढे चला.

आणि कधी कधी उत्तरच येत नाही. मॅक २ ला कमाल वळण सुमारे २३ अंश, मॅक १.५ ला १२, मॅक ३ ला ३४. तुमचं टोक त्याहून बोथट असेल तर भिंत टोकाला चिकटून राहूच शकत नाही. ती सुटते, पुढे सरकते आणि धनुष्यासारखी वाकून उभी राहते. चपलेच्या तुकड्याची बोथट बाजू पुढे करून काचेवर ओढा, लगेच दिसेल. कॅल्क्युलेटर 'एरर' दाखवतोय म्हणून वैतागण्याआधी हा कमाल कोन तपासा.

हे सगळं कामाला कुठे येतं? जेट इंजिनाच्या तोंडाशी. इंजिनाला आत हळू हवा लागते. मॅक २ ची हवा एकाच काटकोनातल्या भिंतीने अडवली तर २८ टक्के एकूण दाब वाया. त्याऐवजी आधी १० अंशांच्या पाचरीने तिरकी भिंत आणि मग मॅक १.६४ ची काटकोनातली भिंत अशा दोन टप्प्यांत अडवली तर ०.९८५ × ०.८८, म्हणजे ८७ टक्के दाब वाचतो. १९६३ पासून २०२५ पर्यंत आपल्या हवाई दलात असलेल्या मिग-२१ च्या नाकात जो टोकदार शंकू दिसतो, तो याच कामाचा. वेगाप्रमाणे तो मागेपुढे सरकतो. शंकूचं कोष्टक पाचरीपेक्षा वेगळं असतं, पण मतलब तोच.

पायरी ५: पंख्याचं गणित

भिंतीपेक्षा हे सोपं आहे, फक्त एक नवं फल (फंक्शन) शिकावं लागतं. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली थिओडोर मायर यांनी १९०८ मध्ये ते मांडलं, म्हणून प्रांटल-मायर फल. त्याला न्यू म्हणतात:

न्यू = √६ × व्यस्त टॅन √((मॅक² − १) ÷ ६) − व्यस्त टॅन √(मॅक² − १)

अर्थ एवढाच: मॅक १ ची हवा किती अंश बाहेर वळवली तर ती या मॅकला पोहोचेल. मॅक १ ला शून्य, १.५ ला ११.९, २ ला २६.४, २.५ ला ३९.१, ३ ला ४९.८ अंश.

वापरायची रीत बँकेच्या पासबुकासारखी. आधीचा न्यू लिहा, त्यात वळण मिळवा, आलेल्या न्यूचा मॅक शोधा. मॅक २ ची हवा १० अंश बाहेर वळली: २६.४ अधिक १०, म्हणजे ३६.४. त्याचा मॅक २.३८. हवा मोकळी झाली आणि वेग वाढला, दाब ०.५५ पटीवर आला. आवाजापेक्षा हळू वाहणाऱ्या प्रवाहात वाट रुंदावली की वेग घटतो, इथे उलटं. ही उलटापालट अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पंख्यात एकूण दाब अजिबात घटत नाही. भिंत दंड घेते, पंखा घेत नाही. त्यामुळे पंख्याच्या अलीकडे-पलीकडे एकूण दाब सारखा धरून साधी कोष्टकं वापरता येतात.

पायरी ६: दोन्ही जोडा

आता काचेवर ओढलेला हिरा मॅक २ ला कागदावर सोडवू. प्रवाह सरळ समोरून, हिरा तिरका केलेला नाही.

पुढचा उतार: भिंत. दाब १.७१ पट, मॅक १.६४. हे वर झालं आहे.

खांदा: हवा पुढच्या उताराने वर निघाली होती, आता मागच्या उताराने खाली उतरायची आहे. वळण १० नव्हे, २० अंश. इथे दहापैकी आठ जण चुकतात, कारण ते मागचा उतार आडव्या रेघेपासून मोजतात. वळण नेहमी आधीच्या दिशेपासून मोजायचं. मॅक १.६४ चा न्यू १६.० अधिक २० म्हणजे ३६.०, म्हणून मॅक २.३७. मॅक २.३७ ला दाब एकूण दाबाच्या ०.०७१७ पट असतो, मॅक २ ला ०.१२७८ पट. टोकाच्या भिंतीने घेतलेला दंड ०.९८५ मध्ये धरा: ०.०७१७ × ०.९८५ ÷ ०.१२७८ = ०.५५. म्हणजे मागच्या उतारावरचा दाब मूळ दाबाच्या ०.५५ पट.

पुढून १.७१, मागून ०.५५. हा फरक हिऱ्याला मागे ढकलतो. फरक १.१६ गुणिले जाडी-लांबीचं गुणोत्तर ०.१७६, भागिले (०.७ × मॅक²) म्हणजे २.८. ओढगुणांक (ड्रॅग कोएफिशंट) ०.०७३. इथे हवेची चिकटाई आपण धरलेलीच नाही. चिकटाई नसलेल्या हवेतही सुपरसॉनिक वेगाला ओढ असते, तिला लाटांची ओढ म्हणतात. उत्तर तपासायला ढोबळ सूत्र आहे: ४ × गुणोत्तराचा वर्ग ÷ √(मॅक² − १). त्याने ०.०७२ येतं. दोन्ही जवळ आले नाहीत तर खांद्याच्या वळणात चूक शोधा. गुणोत्तराचा वर्ग येतो हे ध्यानात घ्या: जाडी निम्मी केली की ओढ पावपट. सुपरसॉनिक विमानांचे पंख पातीसारखे पातळ का असतात, ते एवढ्यात आलं.

चिकटाई धरली की प्रकरण फार अवघड होतं. पृष्ठालगतच्या मंद थरावर शॉक आदळला तर तो थर उखडतो. कॅलटेकमध्ये असताना सतीश धवन यांनी याच प्रश्नावर काम केलं होतं. पुढे त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुपरसॉनिक विंड टनेल उभारले. अवकाश कार्यक्रमाचे प्रमुख म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्याच्या आधीची ही गोष्ट. पहिल्या फेरीत या भागात शिरू नका.

आणि विमानं फक्त आकाशात म्हणून हा विषय लांबचा वाटत असेल तर शहराबाहेर एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. एवढ्या मोठ्या वाफेच्या टर्बाइनमध्ये शेवटच्या रांगेतल्या लांब पात्यांच्या टोकाशी वाफ सुपरसॉनिक वेगाने वाहते. तिथेही भिंती आणि पंखेच.

आता काकांची गन

गेजवर ६ बार म्हणजे निरपेक्ष ७ बार. बाहेर १ बार. गुणोत्तर ७. हे गुणोत्तर १.८९ च्या वर गेलं की अरुंद तोंडाशी हवा बरोबर मॅक १ ला अडते, त्याहून जोरात तिथून निघूच शकत नाही. तोंडाशी दाब ७ ÷ १.८९, म्हणजे ३.७ बार. बाहेर फक्त १. बाहेर पडताच हवा मोकळी होते: तोंडाच्या कडेपासून पंखा उलगडतो. १ बारला उतरायचं तर मॅक १.९३ व्हायला हवा आणि त्याचा न्यू २४ अंश. म्हणजे झोत कडेपाशी २४ अंशांनी फुगतो. पंख्याच्या लाटा झोताच्या दुसऱ्या कडेला पोहोचतात आणि मोकळ्या कडेवरून उलट्या होऊन परततात: दाब कमी करणाऱ्या गेल्या, दाब वाढवणाऱ्या आल्या. त्या एकवटून भिंत होते, मग पुन्हा पंखा, पुन्हा भिंत. झोतात हिऱ्यांची माळ तयार होते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण झोतातले भोवरे या भिंतींतून जाताना आवाज निघतो, तो मागे तोंडाशी येऊन नवे भोवरे जन्माला घालतो, आणि हे चक्र शीळ घालू लागतं.

ही गन कधीही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर रोखू नका, कपडे झटकायलासुद्धा नाही. दाबाखालची हवा कातडीतून आत शिरू शकते, आणि उडालेला तूस डोळ्यात जातो तो वेगळाच. कानात बोळे घाला.

मागच्या दिवाळीत काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शीळ बंद होते का?"

होते. रेग्युलेटर ०.९ बारच्या खाली आणला तर झोत सुपरसॉनिकच राहत नाही. पण मग तूसही उडत नाही. दुसरा उपाय म्हणजे हवेला गनच्या आतच सावकाश मोकळं होऊ देणं: आधी आवळणारं, मग रुंदावणारं तोंड. मॅक १.९३ ला तोंडाचं क्षेत्रफळ घशाच्या १.५९ पट लागतं. म्हणजे २ मिलिमीटरचा घसा आणि साधारण २.५ मिलिमीटरचं तोंड. मग बाहेर पडताना दाब १ बारच असतो, हिऱ्यांची माळ फिकी पडते, शीळ मावळते, नुसती फुसफुस उरते.

काकांनी खिशातल्या बिडीच्या पाकिटावर दोन्ही आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, "लेथवाल्याला दावतो. अर्ध्या मिलीमीटरचा उतार देतो म्हणला तर तुला फोन करतो बे."

अजून फोन आलेला नाही.